लांब पल्ल्याची शिकारी रायफल: दुकानातलं काडतूस की खास घडवलेलं?

दिवाळीला किंवा डिसेंबरात परदेशातले भाचे-पुतणे पुण्यात येतात, तेव्हा हल्ली एक नवाच विषय निघतो. कुणी डेन्व्हरला असतो आणि त्याला एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जायचं असतं. कुणी न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेला असतो आणि तिथे हरणांची शिकार हा शनिवार-रविवारचा उद्योग असतो. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: "काका, ६.५ क्रीडमूर घेऊ, की कस्टम वाइल्डकॅट करून घेऊ?" पहिलं दुकानात मिळणारं काडतूस, दुसरं स्वतःपुरतं घडवून घेतलेलं. पाठोपाठ मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला जातो, त्यात कुणीतरी हजार यार्डांवर पोलादी पत्रा वाजवत असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दहांपैकी नऊ जणांनी कारखान्यात बनलेलं, प्रमाणित काडतूस घ्यावं आणि उरलेले पैसे सरावावर घालवावेत. दहावा माणूस कोण, हेही पुढे येईलच. पण निर्णय ज्या क्रमाने घ्यायचा, तो क्रम बहुतेक जण उलटा लावतात. काडतूस आधी ठरवतात आणि प्राणी, अंतर, खांदा हे सगळं नंतर त्यात बसवतात.

आधी कायदा

भारतात हा प्रश्न उद्भवतच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. जे अपवाद आहेत ते वन्यजीव खात्याच्या परवानगीचे, हौसेचे नव्हेत. काडतूस घरी भरणं हेही इथे 'उत्पादन' ठरतं आणि १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे त्याला परवाना लागतो. त्यामुळे पुण्यात बसून रिलोडिंगचं यंत्र मागवण्याचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो इथेच सोडावा. गंमत म्हणजे आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासून काडतुसं बनवतोय आणि तो आज ज्या म्युनिशन्स इंडिया कंपनीखाली आहे, तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. पण आपल्यासाठी पर्याय म्हणजे परवान्यावर मिळेल ते तयार काडतूस, बस.

अमेरिकेत असाल तर स्वतःपुरतं रिलोडिंग करायला संघराज्याचा परवाना लागत नाही. मात्र त्याआधीची एक पायरी आपली मुलं हमखास विसरतात. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला सर्वसाधारणपणे बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. त्यातून वाट काढणारा नेहमीचा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्यांचं वेगळं. तेव्हा रायफलीच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी हंटर एज्युकेशनचा वर्ग, शिकार परवाना आणि शंका असेल तर वकील, या क्रमाने जा.

राज्याराज्यांचे नियम तर थेट काडतुसालाच हात घालतात. कोलोरॅडोत मोठ्या प्राण्यांसाठी किमान .२४ कॅलिबर (गोळीचा व्यास, इंचांत) लागतं, एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) लागते आणि १०० यार्डांवर किमान १००० फूट-पौंड ऊर्जा लागते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाची गोळी चालतच नाही, तांब्यासारखी बिनशिशाची वापरावी लागते. सनीवेल-फ्रिमाँटकडच्या मंडळींनी हा मुद्दा लक्षात ठेवा, बॅरलच्या, म्हणजे नळीच्या, भागात त्याची गरज पडणार आहे.

'कस्टम' म्हणजे नेमकं काय?

या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे वाइल्डकॅट. कुणीतरी प्रचलित काडतुसाची पितळी केस (गोळी आणि पावडर धरणारं नळकांडं) घेतो, मान अरुंद करतो किंवा खांद्याचा कोन बदलतो आणि नवं काडतूस तयार होतं. त्यासाठी चेंबरही (नळीतली काडतूस बसण्याची जागा) तसाच कापून घ्यावा लागतो. दुकानात ते मिळत नाही, प्रत्येक काडतूस स्वतः भरावं लागतं.

दुसरी म्हणजे हँडलोड. इथे काडतूस प्रमाणितच असतं, उदाहरणार्थ .३०८ विंचेस्टर. फक्त गोळी, पावडर आणि लांबी तुमच्या रायफलीच्या आवडीप्रमाणे निवडलेली असते. नड आली तर गावातल्या दुकानातलं डबडंही त्याच रायफलीत चालतं. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण विक्रेते दोघांनाही कस्टमच म्हणतात.

तिसरा प्रकार म्हणजे एखाद्या छोट्या कंपनीकडून तुमच्या रायफलीसाठी भरून घेतलेली काडतुसं. महाग पडतात, पण त्रास नाही.

प्रमाणित म्हणजे काय, तेही इथेच पाहू. अमेरिकेत १९२६पासून सामी आणि युरोपात १९१४पासून सीआयपी या संस्था काडतुसाचं कमाल माप, चेंबरचं किमान माप आणि कमाल दाब ठरवून देतात. .३०-०६ला ६०,००० पीएसआय (दाबाचं एकक), ६.५ क्रीडमूरला ६२,०००, .३०० विंचेस्टर मॅग्नमला ६४,०००. म्हणून एका कंपनीचं काडतूस दुसऱ्या कंपनीच्या चेंबरमध्ये निर्धास्त जातं. वाइल्डकॅटमागे असा कुठलाच कागद नसतो. तिथे दाब किती जातोय, याची जबाबदारी तुमची आणि तुमच्या गनस्मिथची, म्हणजे बंदूक घडवणाऱ्या कारागिराची.

आणखी एक गोष्ट. जी वाइल्डकॅट खरोखर चांगली असतात, ती कालांतराने दुकानात येतातच. .२२-२५० असंच घरगुती होतं, १९६५मध्ये रेमिंग्टनने त्याला अधिकृत केलं. .२५-०६ १९६९मध्ये आलं. .२८० ॲक्ली इम्प्रूव्हड अनेक दशकं हौशी लोकांच्या कार्यशाळेत राहिलं, तेही आता सामीच्या यादीत आहे. तेव्हा थांबणं हाही एक पर्याय असतो, आणि फुकटचा.

प्राणी, अंतर आणि गोळीचा पोहोचताना असलेला वेग

कागदावर दोन रकाने काढा. एकात प्राणी लिहा, दुसऱ्यात तुम्ही खरोखर किती अंतरावरून मारू शकता ते. हे अंतर बेंचवर वाळूच्या पिशव्या टेकवून मोजायचं नाही. गुडघ्यावर बसून, पाठपिशवीवर रायफल टेकवून, थोडं धावून दम लागल्यावर मोजायचं. हरणाचं मर्मस्थान साधारण २० सेंटिमीटर व्यासाचं धरतात. अशा स्थितीत तुमच्या दहाच्या दहा गोळ्या २० सेंटिमीटरच्या ताटलीत ज्या अंतरापर्यंत जातात, ते तुमचं अंतर. बहुतेकांचं उत्तर ३०० यार्डांच्या अलीकडे येतं आणि तिथेच वाइल्डकॅटची निम्मी गरज संपते.

आता गोळीकडे. शिकारी गोळी प्राण्याच्या अंगात फुलली पाहिजे, आणि त्यासाठी ती विशिष्ट वेगाने आदळायला हवी. कंपनी हा किमान वेग सांगते, बऱ्याच गोळ्यांचा तो १८०० फूट प्रति सेकंदाच्या आसपास असतो. ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची प्रचलित शिकारी गोळी नळीतून सुमारे २७०० फुटांनी निघते आणि ५०० यार्डांवर साधारण २००० फुटांपर्यंत येते. ७०० यार्डांच्या जवळपास ती १८००ला टेकते. म्हणजे तिची प्राण्यावरची मर्यादा कागदावरच दिसते. हजार यार्डांवर ती पत्रा वाजवेल, पण एल्कवर ती चालवणं क्रूरपणा आहे. बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर फुकट मिळतो. निवडलेल्या प्रत्येक काडतुसासाठी 'माझ्या कमाल अंतरावर वेग किती' एवढा एकच आकडा काढा. मनातलं काडतूस या चाळणीतून पार झालं, तर आणखी मोठं घेण्याचं कारण उरत नाही.

शंभर फुटांचा हिशेब

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण सगळी विक्री याच आकड्यावर चालते. वाइल्डकॅटचा नेहमीचा दावा असतो की त्याच गोळीला ५० ते १०० फूट प्रति सेकंद जास्त वेग मिळतो. समजा पूर्ण १०० मिळाले. वरचीच १४३ ग्रेनची गोळी आता २७००ऐवजी २८००ने निघाली.

रायफल २०० यार्डांवर शून्य केली असेल, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमकी नेमावर लागेल अशी लावली असेल, तर ५०० यार्डांवर पहिली गोळी दृष्टिरेषेच्या साधारण ४५ इंच खाली जाईल, दुसरी ४१ इंच. फरक चार इंचांचा, म्हणजे दहा सेंटिमीटर. ऐकायला बरा वाटतो. पण हा फरक भरून काढायला तुमच्याकडे अंतर मोजणारा लेझर रेंजफाइंडर आणि स्कोपची (रायफलीवरच्या दुर्बिणीची) बटणं आहेत. अंतर कळलं की पतन निव्वळ गणित असतं, ४५ असो की ४१.

वाऱ्याचं तसं नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा असेल तर पहिली गोळी ५०० यार्डांवर अंदाजे ३६ सेंटिमीटर सरकते, दुसरी ३४ ते ३५. फायदा जेमतेम दोन सेंटिमीटर. आणि वारा ओळखण्यात तुम्ही ताशी फक्त ५ किलोमीटरने चुकलात, तर गोळी ११ सेंटिमीटर इकडेतिकडे जाते. दरीच्या या कडेला गवत हलतंय आणि पलीकडच्या उतारावर शांत आहे, अशा जागी ५ किलोमीटरची चूक चांगल्या नेमबाजाचीही होते. खास चेंबर, खास डाय (केसला आकार देणारा साचा) आणि खास बॅरल यांतून जे मिळालं, त्याच्या पाचपट एका चुकीच्या अंदाजात गेलं.

बालेवाडीच्या रेंजवर जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. त्या प्रकारात .२२ची रिमफायर काडतुसं (ज्यांच्या बुडाच्या कडेवर आघात होऊन बार उडतो) वापरतात, आणि ती घरी भरण्याची सोयच नसते. सगळे नेमबाज कारखान्याचीच काडतुसं झाडतात. वरच्या दर्जाचे खेळाडू काय करतात, तर वेगवेगळे लॉट (एका वेळी बनलेल्या काडतुसांचे संच) आपल्या बॅरलमधून तपासतात आणि जो बसतो त्याचा साठा करतात. कारखान्यातलंच काडतूस, पण निवडून घेतलेलं. माझ्या मते शिकाऱ्यासाठीही 'कस्टम'चा हाच अर्थ सर्वांत उपयोगी आहे.

बॅरलचा पीळ, मॅगझिनची लांबी

काडतुसाच्या नावापेक्षा रायफलीच्या दोन मापांवर जास्त अवलंबून असतं.

पहिलं माप म्हणजे ट्विस्ट, नळीतल्या खोबणीचा पीळ. लांब पल्ल्यासाठी लांबट, हवा कापणारी गोळी हवी, आणि लांब गोळी स्थिर राहायला पीळ जलद हवा. .२७० विंचेस्टर १९२५चं. तेव्हापासून त्याच्या बॅरलला दहा इंचांत एक फेरा हा पीळ ठरून गेला. मधल्या वजनाच्या गोळ्या त्यातून उत्तम जातात, पण आजच्या जड, लांब गोळ्या स्थिर राहत नाहीत. म्हणूनच त्याच कॅलिबरमध्ये २०२१ला ६.८ वेस्टर्न आणावं लागलं. .२७० घेऊन त्यावर खास काडतुसं भरत बसलात, तरी पीळ बदलत नाही. ६.५ क्रीडमूरला पहिल्यापासून आठ इंचांत एक फेरा आहे. त्याची अर्धी कीर्ती त्यातच आहे.

कॅलिफोर्नियावाल्यांनी इथे थांबा. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४. त्याच वजनाची तांब्याची गोळी म्हणून लांब होते आणि तिला आणखी जलद पीळ लागतो. सोपा उपाय असा की शिशाच्या गोळीपेक्षा एक पायरी हलकी तांब्याची गोळी घ्यावी. हलकी झाली तरी ती आत शिरते, कारण तिचे तुकडे फारसे होत नाहीत.

दुसरं माप मॅगझिनचं. .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३चं, त्याची एकूण कमाल लांबी ३.३४ इंच. आजची लांबलचक गोळी त्यात बसवायची तर तिचं बूड केसमध्ये खोल रुतवावं लागतं, आणि पावडरची जागा जाते. पूर्वी लोक याच अडचणीसाठी चेंबर खास कापून घेत, मॅगझिन बदलत, म्हणजे कस्टमकडे वळत. २०१९मध्ये .३०० पीआरसी आलं, त्याची लांबी ३.७ इंचांपर्यंत जाते आणि चेंबरही लांब गोळ्यांसाठीच आखलेला आहे. ६.५ पीआरसी आणि ७ पीआरसी त्याच घराण्यातले. वीस वर्षांपूर्वी वाइल्डकॅट करण्याची जी सबळ कारणं होती, त्यांतली बरीचशी या प्रमाणित काडतुसांनी गिळून टाकली आहेत. जुन्या लेखांतला सल्ला वाचताना हे ध्यानात असू द्या. तेव्हा तो बरोबर होता.

दुकानात गेल्यावर म्हणून तीन गोष्टी विचारायच्या: पीळ किती, मॅगझिनमध्ये किती लांबीचं काडतूस बसतं, आणि मला हवी असलेली गोळी कारखान्याच्या काडतुसात मिळते का. तिन्हींचं उत्तर मनासारखं असेल तर निवड झाली.

खांदा आणि बॅरलचं आयुष्य

आठ पौंडांच्या रायफलीत .३०० विंचेस्टर मॅग्नमचा धक्का ६.५ क्रीडमूरच्या दुप्पट ते अडीचपट असतो. धक्क्याला घाबरून ट्रिगर झटक्यात ओढला जातो आणि मग कुठलंही काडतूस वाचवत नाही. शिवाय जोरकस धक्क्यात स्कोपमधून प्राणी दिसेनासा होतो, गोळी कुठे लागली ते कळत नाही. दोन्ही रायफली एकदा भाड्याने किंवा मित्राकडून घेऊन झाडून पाहा, वीस-वीस गोळ्या.

बॅरलबाबत थोडक्यात: केस जितकी मोठी आणि नळी जितकी बारीक, तितकी नळी लवकर झिजते. .३०८ची पाच हजार फेऱ्यांपर्यंत सहज साथ देते, ६.५ क्रीडमूरची दोन-तीन हजार, आणि अतिवेगवान मॅग्नम हजार-दीड हजारातच ढेपाळतात. वाइल्डकॅट बहुधा या शेवटच्या गटात येतात. जी नळी सरावाला पुरत नाही, तिच्यावर सराव करणार कसा?

तपासणी

रायफल आली की तीन-चार प्रकारची कारखान्याची काडतुसं घ्या, प्रत्येकी दोन डबे, दोन्ही एकाच लॉटचे. तीन गोळ्यांचा सुरेख गट, म्हणजे लक्ष्यावरच्या जवळजवळच्या छिद्रांचा झुबका, फोटोपुरता असतो. निदान दहा गोळ्यांचा गट काढा, नळी थंड होऊ देत सावकाश. क्रोनोग्राफने, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने, वेग मोजा, डब्यावरचा आकडा बहुधा २४ इंची नळीचा असतो, तुमची २० इंची असेल तर तो कमी भरणार. वेगात गोळीगणिक ५० फुटांचा फरक असेल, तर ५०० यार्डांवर गोळी सात सेंटिमीटर खाली-वर होते. २० सेंटिमीटरच्या लक्ष्यावर एवढं चालतं, याहून दूर मारायचं असेल तर चालत नाही. जो प्रकार पसंत पडेल त्याच लॉटचे पाच-सहा डबे एकदम उचला. २०२०-२१मध्ये अमेरिकेतली फळीच्या फळी रिकामी झाली होती. रिलोडिंगवाले सुटले म्हणावं, तर त्यांना प्रायमर (पावडर पेटवणारी केसच्या बुडातली टोपी) मिळेनात.

मग कस्टम कुणी घ्यावं?

तो दहावा माणूस असा असतो: त्याने एक बॅरल झिजवून झालेलं असतं, तो वर्षानुवर्षं हँडलोड करतोय, आणि कारखान्याच्या काडतुसात आपल्याला काय कमी पडतं हे तो एका वाक्यात सांगू शकतो. "वजन अमुक, पीळ अमुक, या गोळीला इतका वेग हवा आणि माझ्या शॉर्ट ॲक्शनमध्ये बसायला हवं." (शॉर्ट ॲक्शन म्हणजे आखूड काडतुसांसाठी बनवलेली रायफलीची यंत्रणा.) त्याला रिलोडिंग हाच छंद असतो, शिकार निमित्त. आजोबांची जुनी रायफल आहे आणि तिची काडतुसं बाजारातून गेली, हेही रास्त कारण आहे.

मधली वाट हवी असेल तर हँडलोड करा, काडतूस प्रमाणितच ठेवा. आणि वाइल्डकॅटचीच हौस असेल तर 'इम्प्रूव्हड' प्रकार त्यातल्या त्यात समजूतदार आहे. ॲक्ली इम्प्रूव्हड चेंबरमध्ये मूळ काडतूस झाडलं की केस फुगून नव्या आकाराची होते. प्रवासात तुमची काडतुसं हरवली तर मूळ काडतूस घेऊन शिकार पार पडते, वेग किंचित कमी एवढंच.

या वाटेला जाणाऱ्याने काही पथ्यं पाळायलाच हवीत. बॅरलवर काडतुसाचं पूर्ण, नेमकं नाव कोरून घ्यायचं, कारण रायफल उद्या दुसऱ्याच्या हातात जाते. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही, तो सख्खा मित्र असला तरी. पावडरचं प्रमाण इंटरनेटवरच्या कुणाच्या तरी आकड्यावरून नाही, तर गोळी किंवा पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या छापील पुस्तकातून घ्यायचं, खालच्या टोकापासून सुरुवात करायची. बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) जड उचलला जाऊ लागला किंवा प्रायमर सपाट दिसू लागला की तिथेच थांबायचं. आणि रायफल विकताना अर्धी किंमत येईल, हे आधीच गृहीत धरायचं.

प्रवास

विमानात काडतुसं फक्त चेक-इन सामानात, जास्तीत जास्त पाच किलो, विमान कंपनीला आधी कळवून. सामान चुकलं तर ६.५ क्रीडमूर किंवा .३०-०६ मोंटानातल्या लहान गावातही मिळेल, तुमचं खास काडतूस कुठेच नाही. डब्यावर, केसच्या बुडावर आणि बॅरलवर एकच नाव असेल तर तपासणीवरचा अधिकारी दोन मिनिटांत सोडतो. घरी भरलेल्या वाइल्डकॅटच्या बुडावर मूळ काडतुसाचं नाव असतं, मग समजावत बसा.

पुण्याला सुट्टीवर येण्याआधी जॅकेटचे खिसे, पाठपिशवीचे कप्पे, दुर्बिणीची थैली सगळं उलटं करून झटका. शिकारीच्या पिशवीत राहून गेलेलं एक काडतूस लोहगावच्या एक्स-रेमध्ये दिसलं तर ते कुठल्या जातीचं होतं हे कुणी विचारत नाही, थेट पोलीस ठाणं आणि शस्त्र कायदा. शिकारीची बॅग तिकडेच ठेवून यावं हे बरं.